नाशिकच्या वहीतले दोन नांगर

चाकणच्या चौकात दीड तास अडकून पडल्यावर पूर्वजांबद्दल फारसं प्रेम उरत नाही. पुण्याहून नाशिकला रस्त्याने जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे नारायणगाव, आळेफाटा, मग संगमनेर. संगमनेरजवळच माझ्या माहेरचं मूळ गाव. तिथे आता आमचं काही नाही. म्हणजे काकांच्या मते सगळं आहे आणि तलाठ्याच्या मते थोडंसंच. ‘नावं कुठे छापू नकोस’ असं काकांनी बजावल्यामुळे या लेखात सगळे नात्यानेच येतील.

सुरुवात चुलतभावापासून झाली. त्याला मुलीच्या ॲडमिशनसाठी कुणबी नोंद हवी होती. 2023 साली अशा जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तेव्हापासून मोडी वाचता येणाऱ्या माणसाला जावयासारखा मान आला. असाच एक माणूस गाठून आम्ही गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं, चाळून घेतली. 1899 मध्ये खापरपणजोबा सापडले. वय अंदाजे पन्नास, जात कुणबी, रोगाच्या रकान्यात ‘ताप’. भावाचं काम झालं, तो नक्कल घेऊन खूश होऊन गेला.

मी मात्र अडकले. त्याच रजिस्टरात 1888 साली दोन वर्षांची एक मुलगी गेल्याची नोंद होती. तिच्या बापापुढे ‘बिन’, म्हणजे ‘चा मुलगा’, असं लिहून जे नाव होतं ते आमच्या खापरपणजोबांच्या वडिलांचं. आडनाव आमचं, गाव आमचं. आणि घरी तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की खापरपणजोबा एकुलते एक! जुन्या फेरफाराची, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदीची, नक्कल काढली, तर तीही घरच्यांच्याच बाजूने बोलत होती. 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदी आल्या. त्यातल्या आमच्या पहिल्याच नोंदीत सगळ्या जमिनीला पणजोबांचं एकट्याचं नाव, दुसरा वारस नाही.

लेस्टरमधल्या मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग जनगणना बघ ना.” त्याला काय जातंय! त्याने त्याच्या जुन्या घरात 1881 साली कोण राहत होतं ते घरबसल्या काढलं होतं. नाव, वय, धंदा, जन्मगाव सगळं. त्या माणसाने मागे किती पौंड ठेवले तेसुद्धा त्याला मिळालं, कारण तिकडे 1858 पासून मृत्युपत्रांची वर्षवार सूची आहे. आपल्याकडेही 17 फेब्रुवारी 1881 ला शिरगणती झाली, पण घरोघरची पत्रकं बेरजा झाल्यावर ठेवली नाहीत. तालुक्यात किती कुणबी होते ते कळतं, आमचे कुठले ते कळत नाही. आणि संगमनेरच्या शेतकऱ्याने मृत्युपत्र करायचं म्हणजे चेष्टाच.

राहिली नाशिकच्या उपाध्यायांची वही, तीर्थाला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदींची.

रामकुंडाजवळ गाडीचं दार उघडायच्या आत “गाव कोणतं? आडनाव काय?” सुरू झालं. मला ही घाई सहन होत नाही. त्यात 2027 च्या कुंभासाठी खणाखणी सुरू, रस्ता कुठे आणि खड्डा कुठे हे पायालाच विचारायचं. नवऱ्याने मिसळीचं कारण काढून पळ काढला. शेवटी पंचवटीतल्या एका गल्लीत आमच्या गावाचे गुरुजी मिळाले. दारातच त्यांनी विचारलं, “माहेरचं बघायचं की सासरचं?” बाहेरच्या त्या गलक्यानंतर हे इतकं घरचं वाटलं की मी चप्पल काढायच्या आधीच सगळी कथा सांगून टाकली. काकूंनी न विचारता चहा आणला, वर पोळीचा लाडू.

गुरुजींनी लोखंडी कपाटातून लाल बासनातली लांबट वही काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास. आधी गाव, मग आडनाव, मग घराणं, असं लावलेलं. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि अक्षरं तिला खालून लटकवायची. गुरुजी ते वर्तमानपत्रासारखं वाचत होते. “शके 1794, अंगिरानाम संवत्सर, कार्तिक.” म्हणजे 1872. बापाच्या अस्थी घेऊन आले होते. कोण? पुढे दोन नावं. खापरपणजोबा आणि “बंधू धाकटे”, नमुना 14 मधलाच तो बाप.

नावांखाली लिहिलं होतं ‘निशाणी नांगर’. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. थोरल्याचा नांगर ऐसपैस, फाळ, रुमणं, सगळं जागच्या जागी. धाकट्याला जागाच उरली नव्हती, म्हणून त्याने आपला नांगर समासात आडवा काढलाय, आणि टाक जोरात दाबल्याने फाळावर शाईचा डाग पडलाय. विशी न गाठलेला पोरगा असेल. मी त्या डागावर बोट ठेवणार होते, गुरुजींनी हळूच हात बाजूला केला.

पुढचा लेख, म्हणजे वहीतली नोंद, शके 1811 चा, धाकट्याचा एकट्याचा. गाव खोडून ‘हल्ली मुंबई, परळ’. बायको, एक मुलगा. मुलगी गेल्यावर वर्षभराने! गिरणीत गेला असणार. तेव्हा आमच्याकडचे लोक तिकडेच जात होते.

मग गुरुजींनी नवी वही उघडली. 1958. आजोबांची सही. देवनागरीत, वळणदार, मी प्रगतिपुस्तकावर पाहिलेली. मी विचारलं, “आजोबांना त्या वर्षी हे जुने लेख दाखवले असतील?”

“दाखवले म्हणजे? आमचे वडील मागचं सगळं वाचून दाखवल्याशिवाय नवा लेख घेत नसत.”

म्हणजे आजोबांना माहीत होतं. दोन्ही नांगर ऐकून, सही करून ते घरी आले, आणि आम्हाला वर्षानुवर्षं ‘एकुलते एक’ सांगत राहिले. ज्या माणसाने मला खोटं बोलल्याबद्दल दोन वेळचं जेवण बंद केलं होतं! आजोबांचा एवढा राग मला त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता.

दक्षिणा “इच्छेला येईल ती”. आमच्या पानांचा फोटो काढू दिला. मी माझा लेख लिहिला, दोन्ही मुलींची नावं घालून. गुरुजींनी त्यावर काही म्हटलं नाही, फक्त “अक्षर मोठं काढा” म्हणाले.

त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी झाली. त्र्यंबकला रांग, लेण्यांना पायऱ्या, गुडघे गेले.

धाकट्या शाखेचा शेवटचा लेख 2008 चा होता. पत्ता डोंबिवलीचा, शेजारी मोबाईल नंबर. “तुमचंच कूळ, घ्या लिहून,” गुरुजी म्हणाले होते. पुण्याला आल्यावर लावला. नंबर चालू. मी कोण, कुठली, दोन भाऊ, नाशिकची वही, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे बराच वेळ फक्त टीव्हीचा आवाज.

“जमिनीचं काही आहे का?” पलीकडचे गृहस्थ म्हणाले.

“नाही, नाही. सहज.”

“सहज?” ते हसले. “आमचे आजोबा म्हणायचे, नगरकडे आपला हिस्सा आहे, पण कागद नाही. तुमच्याकडे आहे का काही कागद?”

फेरफाराची नक्कल माझ्या मांडीवरच होती. मी त्यांना वहीच्या पानाचा फोटो पाठवला. फेरफाराचा अजून नाही. पुढच्या रविवारी ते सहकुटुंब जेवायला येतायत आणि भावाने ही बातमी काकांना पोचवली आहे, कारण काकांचे मिस्ड कॉल वाढत चाललेत.