नोकरी सांभाळून लिहिता कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'कामाच्या रगाड्यात रोज लिहायला वेळ कसा काढता?' या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून विचारणाऱ्याची बहुधा निराशा होते. सकाळी कामाचे निरोप उघडण्याआधीचा अर्धा तास, बस्स. तो कारणी लागतो की वाया जातो, हे आदल्या दिवशी मी कुठे थांबलो त्यावर ठरतं.

प्रत्यक्ष लिहिण्याला फार वेळ लागत नाही, लागतो तो लेखात परत शिरायला. आठवडाभर न उघडलेला मसुदा समोर घेऊन बघा. आपण काय म्हणत होतो, हा परिच्छेद इथे का आला, ते उदाहरण कुठे घालणार होतो, हे आठवण्यातच तास जातो. म्हणून 'रविवारी निवांत बसून लिहू' हा बेत मला कधी पटला नाही. त्यात सुट्टी बुडते ती वेगळीच.

मी मुद्दाम अर्धवट थांबतो, पुढचं वाक्य डोक्यात तयार असताना. खाली उद्यासाठी एक ओळ खरडून ठेवतो: 'आता पत्राचा प्रसंग घे', नाहीतर 'हा मुद्दा लंगडा आहे, उलट बाजू मांडून बघ'. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात तीसहून अधिक वर्षं नोकरीला होते. पहाटे साडेपाचला बसायचं आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे, हा त्यांचा शिरस्ता. लोक तेवढा आकडा सांगून एकमेकांना धाक घालतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: तीन तासांतला पहिला अर्धा तास ते कालचा मजकूर वाचण्यात घालवत. (त्यांना उठवून कॉफी आणून द्यायला नोकर होता, त्याला या कामाचे वर्षाला ५ पौंड जादा मिळत. शिस्तीचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे गाळतात.)

आणि खाडे? ते होणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळात माणसामाणसात प्रचंड फरक होता, पण एखादा दिवस चुकल्यामुळे घडी विस्कटली नाही. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या; लेखन त्याहून चिवट प्रकरण आहे, तरी दिलासा घ्यायला हरकत नाही. माझा अनुभव असा की एका खाड्याने काही होत नाही, सलग चार-पाच झाले की मसुदा परका वाटू लागतो.

पाळीची नोकरी असेल तर पहाटेचा सल्ला ऐकूच नका. कामावर जाण्याआधीचा चहा, घरी परतल्यावरची अंघोळ, असं रोज हमखास घडणारं काहीतरी धरा आणि लगेच त्यानंतर बसा. फारच धावपळ असेल तेव्हा मसुदा उघडायचा, कालची ओळ वाचायची, खाली एक वाक्य घालून मिटायचा. ते वाक्य पुढे बहुतेक खोडलंच जातं. खोडू दे.