दूध-पोळीवर मांजर भरत नाही

रामबाग असो की राजेंद्र नगर, इंदूरच्या मराठी घरांत मांजराचं जेवण ठरलेलं: दूध-पोळी. पोट फुगतं, पाठीचा कणा मात्र हाताला लागतच राहतो. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरीन (एक अमिनो आम्ल) त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतात. शिवाय मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही. जुलाब झाले की खाल्लेलंही वाया.

वाळलेल्या मांजराचं वजन वाढवायचं तर आधी जंताचं औषध वजनाप्रमाणे द्या आणि दात-हिरड्या बघून घ्या. तोंड दुखत असेल तर मांजर वाटीजवळ येतं, हुंगतं आणि परत फिरतं. लोक म्हणतात, नखरे करतंय.

आता हिशेब. साडेतीन किलो असायला हवं ते मांजर अडीचवर आलं असेल, तर दिवसाला साधारण 210 किलोकॅलरी लागतात. पिल्लांचं कोरडं खाणं 35 ग्रॅम (सुमारे 140) आणि 85 ग्रॅमचं एक ओलं पाउच (सुमारे 70), एवढ्यात भागतं. पाकिटावरचा आकडा मात्र वाचा, प्रत्येकाचा वेगळा असतो. कुत्र्याचं खाणं चालत नाही, त्यात टॉरीन पुरेसं असेलच असं नाही. वरून उकडलेलं चिकन 25-30 ग्रॅम, बिनमिठाचं. रश्श्यातलं तर मुळीच नको, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नुसत्या चिकनवरही ठेवू नका, कॅल्शियम कमी पडतं.

हे सगळं पहिल्याच दिवशी वाढू नका. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत 7 ते 10 दिवसांत पूर्ण बदला, दिवसाच्या खाण्याचे चार-पाच वाटे करा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन उतरतं, जिवावर बेततं. तिथे डॉक्टरच हवेत. दोन दिवस काहीच खाल्लं नसेल तरीही थांबू नका, यकृतात चरबी साचते.

फ्रीजमधलं गार खाणं वासच देत नाही, म्हणून नाकारलं जातं. वाटी पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. मे महिन्यात मात्र ओलं खाणं अर्ध्या तासात उचला.

वजन आठवड्यातून एकदा, टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर. 50 ग्रॅम वाढलं तरी पुष्कळ. तीन आठवडे मोजून खाऊनही काटा हलला नाही, किंवा दहा वर्षांपुढचं मांजर हावरटासारखं खाऊन वाळतंय, तर थायरॉईड, साखर आणि किडनीसाठी रक्त तपासा. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.