वर जाताना गाडी, उतरताना पाय

फ्रान्समधल्या ल्यों शहराला दोन टेकड्या आहेत आणि माझ्या आईला दमा आहे. आमच्या तीन दिवसांच्या मुक्कामाचं सगळं गणित या दोन गोष्टींवर बसवलेलं होतं. वर जायचं गाडीने, खाली यायचं पायी.

पॅरिसहून वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत इथे पोचता येतं. आपण नकाशात वाचून ‘लिऑन’ म्हणतो, पण स्टेशनवर तसं म्हटलं की समोरचा माणूस भुवया उंचावतो. रोन आणि सोन या दोन नद्या इथे भेटतात, त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बाजारपेठ आणि मोठे चौक आहेत. सोनच्या पश्चिमेला फुर्विएर टेकडी, तर दोन नद्यांच्या मधोमध उत्तरेला क्रुआ-रूस. लोक पहिलीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि दुसरीला काम करणारी.

एका तासाच्या तिकिटात मेट्रो, ट्राम, बस आणि दोराने ओढली जात डोंगर चढणारी फ्युनिक्युलर असं सगळं चालतं. मात्र गाडी बदलली की तिकीट पुन्हा मशीनला दाखवावं लागतं. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. एका शाळकरी मुलाने खांद्याला हात लावून खुणेने मशीन दाखवलं, नाहीतर दंड भरला असता.

मेट्रोची डी लाइन चालकाविना धावते. पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी जागा मिळाली तर बोगदा थेट अंगावर येतो. आईने ती जागा दोन मुलांना मागे टाकून पटकावली. व्हिय ल्यों म्हणजे जुन्या ल्योंच्या स्टेशनवर उतरलं की फ्युनिक्युलर तिथेच मिळते. इथले लोक तिला ‘फिसेल’ म्हणतात, म्हणजे सुतळी. जगातली पहिली शहरी फ्युनिक्युलर १८६२ मध्ये याच शहरात सुरू झाली, ती समोरच्या क्रुआ-रूसवर. पुढे तो बोगदा मोटारींसाठी वापरला गेला.

फुर्विएरच्या माथ्यावरचं बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, १८७२ साली बांधायला घेतलं. चार कोपऱ्यांवर चार मनोरे असलेल्या त्या पांढऱ्या इमारतीला गावकरी ‘उलटा पडलेला हत्ती’ म्हणतात. एकदा हे कळलं की दुसरं काही दिसतच नाही, चारही पाय वर! आत सोनेरी मोझेइकचा इतका मारा आहे की मला पाचच मिनिटांत बाहेर यावंसं वाटलं. बाहेरच्या कठड्यावरून मात्र अख्खं शहर पायाशी पसरलेलं दिसतं. स्वच्छ हवेत माँ ब्लांचं शिखर दिसतं म्हणे, आम्हाला दिसला तो धुरकट पट्टा.

पाच-सात मिनिटांवर रोमन नाट्यगृह आहे. इसवी सन पूर्व ४३ मध्ये रोमन लोकांनी लुग्दुनुम नावाचं गाव वसवलं, तेच हे गाव. रोमचा सम्राट क्लॉडियस इथेच जन्मला. सुमारे दहा हजार माणसं बसतील अशा पायऱ्या उतारावर कोरल्यासारख्या उतरत जातात, आणि त्यांवर आजही उन्हाळ्यात कार्यक्रम होतात. आम्ही गेलो तेव्हा एका पायरीवर दोन पोरं मोबाइलवर काहीतरी ऐकत सँडविच खात होती. आई म्हणाली, ‘बघ, दोन हजार वर्षांची जागा आणि तिकीटसुद्धा नाही.’

मग उतार. बागेतून वळणावळणाने जाणारी पायवाट धरून अर्ध्या तासात जुन्या ल्योंमध्ये. खरी मजा इथे सुरू होते, कारण इथे रस्त्यांइतकेच बोळ आहेत, फक्त ते घरांच्या पोटातून जातात. त्यांना ‘त्राबूल’ म्हणतात. दार ढकललं की अंधारा बोळ, मग अंगण, अंगणात गोल जिना आणि पुन्हा बोळ. बाहेर पडलो की आपण भलत्याच रस्त्यावर. र्यू सें-जॉंवरच्या ५४ क्रमांकाच्या दारातून शिरून आम्ही र्यू द्यु बफच्या २७ क्रमांकातून बाहेर आलो. चार इमारती ओलांडलेल्या. ही खाजगी घरं आहेत, माणसं राहतात, म्हणून जागोजागी हळू बोला अशा पाट्या. दुसऱ्या एका दारात मी बटण दाबलं, दार उघडलं आणि आतून सायकल घेऊन येणाऱ्या बाईंशी माझी टक्कर होता होता राहिली. त्यांनी रागावण्याऐवजी बोटाने पुढचं दार दाखवलं. चुकीचं दार मीच उघडलं होतं.

जेवणाची गोष्ट वेगळी. ‘बुशों’ नावाच्या इथल्या खाणावळी प्रसिद्ध, पण त्यांच्या पाटीवर डुक्कर, आतडी आणि मासा एवढंच. शिवाय दोन वाजून गेले की स्वयंपाकघर बंद, हा धडा पहिल्या दिवशी उपाशीपोटी घेतला. दुसऱ्या दिवशी साडेबारालाच बसलो आणि मला मेन्यूत एक नाव सापडलं, ‘सेर्व्हेल द कान्यू’. अर्थ विचारला तर उत्तर आलं, ‘विणकराचा मेंदू.’ आईने ताट लांब सरकवायला सुरुवात केली होती. प्रत्यक्षात समोर आलं ते मऊ ताजं चीज, त्यात लसूण, बारीक चिरलेला कांदा, पातीसारखी हिरवी पानं, तेल आणि व्हिनेगर. घट्ट चक्क्यात लसूण घालून केलेल्या कोशिंबिरीसारखं. सोबत उकडलेले बटाटे. आईने दोन वेळा मागवलं.

‘कान्यू’ म्हणजे रेशीम विणणारे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या टेकडीवर गेलो. क्रुआ-रूसची मेट्रो लाइन दातेरी रुळावर चढते, आणि मधल्या क्रुआ-पाके स्टेशनचा प्लॅटफॉर्मच तिरका आहे. आमच्या समोर कोणाची तरी बाटली सुटली आणि ती टोकापर्यंत घरंगळत गेली. वर पोचल्यावर चौकात जाकारचा पुतळा आहे, म्हणजे आपल्या ‘जेकार्ड’ मागाच्या नावातला माणूस. ल्योंमध्ये जन्मलेला हा माणूस, १८०४ च्या सुमारास त्याने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला.

जवळच्या र्यू दिव्रीवरच्या मेझों दे कान्यूमध्ये हे माग चालवून दाखवतात. मार्गदर्शक फ्रेंचमधून बोलत होता आणि मी अर्धवट भाषांतर करत होते. आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. वर पुठ्ठ्यांची माळ सरकत होती. जिथे भोक तिथे सुई आत जाते, तिच्या हुकातला ताणा, म्हणजे उभा धागा, उचलला जातो, आणि जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. मग धोटा धावतो, फणी आदळते. खट, खट, खट. आई हळूच म्हणाली, ‘अगं, हा आवाज मला माहीत आहे.’

तिचं माहेर येवल्याचं. शेजारच्या घरात माग होता आणि दुपारी झोपायला आवाज नाही असं कधी झालंच नाही. तिथेही जेकार्ड लावलेले माग होते, नाव मात्र ती आज पहिल्यांदा माणसाचं म्हणून ऐकत होती. ‘आमच्याकडे विणकराचे पाय खड्ड्यात असतात,’ ती म्हणाली. इथे उलट झालं होतं. नवीन माग इतका उंच की त्यासाठी चार मीटरच्या छताची घरं बांधली गेली, उजेडासाठी मोठ्या खिडक्या ठेवल्या. घरात माग उभा आणि माणसं पोटमाळ्यावर झोपायची.

याच गल्ल्यांतून १८३१ च्या नोव्हेंबरात विणकर रस्त्यावर उतरले, ठरलेली मजुरी व्यापारी देत नव्हते म्हणून. ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू’ ही त्यांची घोषणा. काही दिवस शहर त्यांच्या हातात होतं. मग लष्कर आलं, आणि १८३४ च्या दुसऱ्या उठावात शेकडो मेले.

खाली येताना आम्ही कूर दे व्होरास नावाच्या अंगणातून गेलो. सहा मजली दगडी जिना, मोकळा, हवेत उभा केल्यासारखा. आई एका पायरीवर बसून इनहेलर घेत म्हणाली, ‘उतरतानाही दम लागतो, पण चढताना लागतो तसा नाही.’

टेकडीच्या पायथ्याशी रेशमी रुमालांचं एक दुकान. आईने एक गर्द निळा रुमाल उचलला, काउंटरवरच्या बाईंनी कौतुकाने त्यावरची नक्षी दाखवायला बोट पुढे केलं, आणि आईने तो सरळ उलटा केला. हाताने विणलेल्या पैठणीची परीक्षा अशीच असते, पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. मागच्या बाजूला नक्षीचे लांब लांब धागे मोकळे तरंगत होते. आईने त्यांवरून नख हलकेच एकदा फिरवलं. बाई हसल्या. काहीतरी बोलल्या, ते मला कळलं नाही. आईने रुमाल पुन्हा सुलटा करून, घडी बसवून जागेवर ठेवला.

‘चांगलं आहे,’ ती बाहेर येऊन म्हणाली, ‘पण मागून बघायला नको होतं.’