आमची वाटचाल: ट्रकच्या हुडापासून कॅम्परच्या ऑनिंगपर्यंत

बरेच जण विचारतात की तुम्ही ऑनिंगच्या, म्हणजे भिंतीतून पुढे येणाऱ्या कापडी छपराच्या लाइनमध्ये कसे आलात. मी आलो नाही, मला मामाने आणलं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, भोसरीत ट्रकचे हूड आणि ताडपत्र्या शिवायचा, आणि मी बारावीनंतर सुट्टीत त्याच्याकडे आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या रिंगा, ठोकायला बसलो तो तिथेच राहिलो. मामाचं शिक्षण चौथी, पण कापड हातात घेऊन दोन बोटांत चोळलं की कोटिंग किती दिवस टिकणार ते सांगायचा आणि ते खरं निघायचं. पुढे आम्ही दोघांनी मिळून शेड घेतली, निम्मे पैसे त्याचे आणि निम्मे माझे. कागदावर काही नाही, पण आजपर्यंत एक रुपयाचा वाद नाही.

नंतर दुकानांच्या शेड, हॉटेलच्या ऑनिंग, सोसायट्यांच्या बाल्कन्या असं दहा वर्षं व्यवस्थित चाललं. जूनच्या आधी दोन महिने झोप नसायची, नवरात्रानंतर जरा निवांत. नोटबंदी झाली, जीएसटी आला, त्यातूनही निघालो. या वर्षांबद्दल जास्त लिहीत नाही, काम होतं आणि आम्ही करत होतो.

लिहायचंय ते 2020 चं आणि त्याच्या थोडं आधीचं.

आमच्याकडे एक मुलगा होता, नाव घेत नाही. सहा वर्षं होता. पाणसळ कशी धरायची इथपासून मामाने शिकवलं, घरी जेवायला असायचा, त्याच्या लग्नात मामीने आहेर केला होता. 2019 च्या दिवाळीनंतर तो गेला, जाताना आमच्या कस्टमरच्या नंबरांची वही मोबाईलमध्ये फोटो काढून नेली, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. आमच्यापासून दहा मिनिटांवर शेड टाकली आणि आमच्या रेटच्या तीस टक्के खाली काम घ्यायला लागला. गेला याचं दुःख नाही हो, प्रत्येकाने स्वतःचं करावं. पण ज्या ताटात जेवलो त्याच ताटाला भोक पाडायचं?

त्यात मार्च 2020. सगळं बंद. आमची आठ माणसं, नवीन घेतलेल्या वेल्डिंग मशीनचा हप्ता, आणि कोकणातल्या एका रिसॉर्टवाल्याकडे साडेचार लाख अडकलेले. जूनच्या तीन तारखेला निसर्ग वादळ आलं आणि त्या माणसाने सांगितलं की तुमच्या शेड उडाल्या, आता पैसे कसले मागता. आमच्या शेड उडाल्या नव्हत्या, मी पास काढून स्वतः जाऊन बघून आलो. फ्रेम जागेवर होत्या, कापड फाटलं होतं कारण नारळाचं झाड पडलं होतं. फोटो आहेत माझ्याकडे. पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

जुलैमध्ये मी मामाला म्हणालो की मशीन विकून टाकू, शेड सोडू. मामा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मामी आली आणि रुमालात गुंडाळलेल्या पाटल्या टेबलावर ठेवल्या. म्हणाली, "माणसांचे पगार कर आधी." त्या पाटल्या सोडवायला मला दोन वर्षं लागली. माझ्या धंद्याचा इतिहास कोणी विचारला तर मी त्या रुमालापासून सांगतो.

मग लोक गाड्या घेऊन बाहेर पडायला लागले. हॉटेलात राहायची भीती, म्हणून कोणी टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी करतंय, कोणी मागे ओढायचा ट्रेलर बांधून घेतंय. 2021 मध्ये राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आलं आणि चौकशीचे फोन एकदम वाढले. पण ती सगळी नवीन कामं त्या मुलाकडे जायला लागली, कारण त्याने बोर्डच लावला होता कॅम्पर स्पेशालिस्ट म्हणून. आमच्याकडे आली ती बिघडलेली.

त्यातलं पहिलं काम नाशिकच्या डॉक्टरांचं. बालरोगतज्ज्ञ आहेत, बायको आणि दोन मुलींना घेऊन भंडारदरा, काससारख्या ठिकाणी जातात, चार माणसांचा छोटा ट्रेलर. त्याला बाजूने ओढून काढायची अडीच मीटर लांब आणि दोन मीटर बाहेर येणारी ऑनिंग लावलेली. डॉक्टर म्हणाले, "कापड फाटलंय, फक्त कापड बदलून द्या, मला रविवारी निघायचंय." मामाने ऑनिंग अर्धी ओढली, ट्रेलरचा दरवाजा उघडला, परत लावला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कापड फाटलेलं नाही, फाडलेलं आहे. नवीन लावलं तर तेही फाडेल."

दरवाजाचा वरचा कोपरा दर वेळी कापडाला घासत होता. ऑनिंगचा बॉक्स, म्हणजे कापड गुंडाळून बसतं ती पेटी, छताच्या कडेला नव्हता, चांगला हातभर खाली भिंतीवर लावलेला. का? कारण तिथे ड्रिल मारायला सोपं, शिडीवर चढावं लागत नाही. आणि एकदा बॉक्स खाली आला की पुढची पट्टी अजून खाली घेता येत नाही, डोकं आपटतं, मग ऑनिंग सपाट ठेवायची. सपाट ठेवली की पावसात कापडाला पोट सुटतं. या लाइनमधल्यांना माहिती आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. ही ऑनिंग पाच चौरस मीटरची. घाटात तासाला चाळीस मिलिमीटर पडला तर दोनशे किलो पाणी त्या कापडावर येतं, त्यातलं अर्धं जरी साचलं तरी शंभर किलो लटकतात बॉक्सला भिंतीशी धरणाऱ्या दोन ब्रॅकेटवर.

आणि ती ब्रॅकेट कशाला धरून होती ते बघा. मी बोटाने भिंत ठोकत गेलो. छताच्या कडेला टणटण, तिथे आत ॲल्युमिनियमचा चॅनल. ब्रॅकेटच्या जागी बद्द आवाज. पफ पॅनल, म्हणजे बाहेर आणि आत पातळ पत्रा आणि मधे फोम, आणि त्यात नुसते स्क्रू. चौदा स्क्रू होते, त्यातले नऊ मी पाना न लावता, बोटांनी फिरवून काढले. डॉक्टर बाजूला उभे होते, त्यांनी एक हातात घेतला, बराच वेळ बघत राहिले. खाली तीन जास्तीची भोकं सापडली, चुकलेली, वरून सिलिकॉन थापून बुजवलेली. त्यातून पाणी आत गेलं होतं आणि आतल्या कपाटाचं प्लाय फुगलेलं. उजवी बाजू डावीपेक्षा अकरा मिलिमीटर खाली, म्हणून रोलरवर कापड तिरपं गुंडाळलं जात होतं आणि एका बाजूची कड चुरगळून कातरल्यासारखी झाली होती.

हे त्या मुलाचं काम होतं. ब्रॅकेट आमच्या डिझाइनचं, मामाने पुठ्ठा कापून काढलेलं, कडेला तीच गोलाई. मामाने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं. एवढंच म्हणाला, "लेव्हल लावायला शिकवलं होतं मी त्याला."

डॉक्टरांना सांगितलं, रविवार विसरा. सहा दिवस घेतले. आधी सगळं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढलं, हे काम सगळ्यात कंटाळवाणं पण याशिवाय पुढे जाऊच नका, सिलिकॉनच्या पापुद्र्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. मग पॅनल वाळू दिलं, भोकं मोठी करून आतला ओला फोम उकरला, इपॉक्सी भरलं, वरून पत्र्याचा पॅच. बॉक्स वर नेला छताच्या चॅनलवर, आतून पाच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, आणि आरपार आठ मिलिमीटरचे स्टेनलेसचे बोल्ट. बोल्टला नायलॉनचा बुश आणि वायसर घातलंच पाहिजे, कारण स्टील थेट ॲल्युमिनियमला टेकलं की कोकणच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पांढरी पावडर होऊन झडायला लागतं. मागे ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, वरच्या कडेला पीयू सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा पॉलियुरेथेनचा लेप, खालची कड मोकळी, आत गेलेलं पाणी निघायला वाट पाहिजे ना. लोक चारी बाजूंनी सील करतात आणि मग विचारतात प्लाय का कुजलं.

लेव्हलसाठी मामाची ती जुनी प्लॅस्टिकची नळी, पाणी भरलेली. लेझर आहे आमच्याकडे, पण मामा नळीशिवाय मार्किंग करत नाही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, आधी ट्रेलर जॅकवर सरळ केला आणि मग नळी धरली. नव्या माणसांना माझं हेच सांगणं असतं: गाडी उभी आहे ती जमीन सरळ आहे असं धरून भोक मारू नका. आणि अजून एक, रोलरच्या स्प्रिंगला खिळा घालून लॉक केल्याशिवाय बाजूचं झाकण उघडू नका, आमच्या एका माणसाची दोन बोटं मोडली आहेत, स्प्रिंग सुटली की कोणाला ओळखत नाही. किती फेरे दिले होते ते खडूने लिहून ठेवा.

कापड नवीन घातलं, ॲक्रिलिक. स्वस्तातलं पीव्हीसी मी कॅम्परला देत नाही, ओलं गुंडाळून ठेवलं की चिकटतं आणि वास मारतो. बॉक्स वर गेल्यामुळे दोन मीटरला अर्धा मीटर उतार मिळाला, आणि पुढचा एक पाय अजून थोडा खाली, म्हणजे पाणी एकाच कोपऱ्यातून पडेल, दाराच्या उलट्या बाजूला. मग वर चढून बादल्या ओतल्या. सातव्या बादलीला डॉक्टरांच्या धाकट्या मुलीने त्या कोपऱ्याखाली हात धरला, पागोळीखाली धरतात तसा. तिला सोबत आणलं होतं त्यांनी त्या दिवशी.

बिल मी पूर्ण लावलं नाही, मटेरियल आणि दोन माणसांची मजुरी घेतली. डॉक्टर म्हणाले हे चूक आहे, पूर्ण घ्या. मी नाही घेतलं, कारण ते ब्रॅकेट आमच्या शेडमध्ये जन्माला आलं होतं. पुढच्या दीड वर्षात नाशिक, संगमनेर, ठाण्याहून अकरा ट्रेलर आले, त्यातले आठ याच डॉक्टरांनी पाठवलेले. पाटल्या त्यातूनच सुटल्या.

आणि आता मनातलं सांगतो, कारण हे अजून टोचतं. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं, मोबाईलमध्ये एक फोटो दाखवला, म्हणे अमुक शेडवाल्याने पाठवलाय, "आमचं काम, तीन वर्षं झाली, एक थेंब गळत नाही." फोटो डॉक्टरांच्या ट्रेलरचा होता. निळी-पांढरी पट्टी, छताला बॉक्स, नायलॉनचे बुश दिसतायत. मी त्या मुलाला फोन लावला. त्याने उचलला, मी म्हणालो मामा बसलेत समोर, त्यांच्याशी बोल. फोन कट झाला. परत लावला नाही मी. मामा म्हणाला राहू दे. माझं राहत नाही.

डॉक्टर मेमध्ये येऊन गेले, कडेची शिलाई उन्हाने सैल झाली होती, ती मारून दिली. मामाचे गुडघे आता गेलेत, तरी स्टूल मागवलं, चढला आणि बोल्ट एकेक करून हाताने तपासले. सगळे जिथल्या तिथे. सोमवारी डॉक्टरांच्या एका मित्राचा ट्रेलर येतोय, त्याचाही दरवाजा घासतोय म्हणे. ब्रॅकेट कुठे लावलंय ते दिसेल असा फोटो मागवून ठेवलाय.