तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकचा ज्वालामुखी परत फुटेल का

नाही फुटणार. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गणपतीत, पालघरकडं जमीन जरा हादरली की फोनवर, तेच. तुम्ही जिऑलॉजीवाले ना, मग ब्रह्मगिरी परत कधी फुटणार?

ब्रह्मगिरी ज्वालामुखीचं तोंड नाहीच हो. रामशेजपण नाही. आपल्याकडं डोंगर फुटला नव्हता, जमीन भेगाळली होती. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग आज जिथं हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे त्या भागावरून सरकत होता, खालून तापलेला खडक वर येत होता, वर आला की दाब कमी होतो म्हणून तो वितळला आणि भेगांतून धिरड्याच्या पिठासारखा पसरत गेला. थरावर थर. अजूनही 5 लाख चौरस किलोमीटर उरलाय. धुळे-नंदुरबारकडं त्या भेगांत थिजलेला लाव्हा काळ्या भिंतींसारखा उभा दिसतो. डोंगर नंतर झिजून झाले. ती खालची भट्टी तिकडंच राहिली, रियुनियनचा ज्वालामुखी आजही फुटतो, आपण पुढं आलो.

हे मी झोपेतपण सांगतो. चिडचिड प्रश्नाची होत नाही खरं तर, मला मामाचा बोअर आठवतो.

2013 चा उन्हाळा, सिन्नर तालुका, डाळिंबाची बाग टँकरवर. मामानं पाणाड्या आणला होता, तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणारा, त्याचा नारळ बांधावरच्या कडूलिंबापाशी हातावर उभा राहिला आणि मी, नुकताच एमएस्सी झालेला, सगळ्यांदेखत हसलो. विहिरीत उतरून थर बघितले, मुरूम, मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, आणि छाती काढून सांगितलं की याच्याखाली लाल गेरूचा पट्टा लागेल, म्हणजे एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती झाली तेवढ्यात दुसरा आला, आणि त्या गेरूखाली जुन्या थराचा भोकाभोकाचा माथा, तिथं पाणी. 180 फुटांवर खरंच लाल भुकटी आली, ओलसर. मी मामाकडं असं बघितलं की काय सांगू. मग भोकाभोकाचा दगडही आला, फक्त सगळी भोकं पांढऱ्या चकचकीत खड्यांनी बुजलेली. झिओलाइट. सिन्नरला याचं म्युझियम आहे, लोक तिकीट काढून बघतात. मामाच्या रानात ते चुरा होऊन धुरळ्यात उडत होते.

मामा म्हणत राहिला, अजून एक रॉड टाका. गाडीवाला मामाकडं नाही, माझ्याकडं बघायचा. 420 फुटांवर थांबलो. मामा डोक्यापासून पायापर्यंत पिठासारखा पांढरा, आणि मामीला म्हणाला, यांना चहा ठेव. मामीचं गंठण गहाण होतं हे मला नंतर आईकडून कळलं. दिवाळीच्या आत बाग तोडली.

शास्त्र चुकलं नाही, हे मी अजून म्हणतो. भोकं असणं वेगळं आणि ती एकमेकांना जोडलेली असणं वेगळं, हा परीक्षेत 5 मार्कांचा प्रश्न होता, मी लिहूनही आलो होतो. मशीन लावून तपासायला हवं होतं, तेवढे पैसे नव्हते, मीच म्हणालो काही गरज नाही. आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यानं त्याच लिंबाजवळ बोअर मारला, दोन इंची पाणी. झाडाखाली भेग असेल. मधे पाऊसही बरा झाला होता, हे मी दर वेळी जोडतो, कुणी ऐकत नाही.

तर फुटला तर काय होईल हे विचारूच नका. 1783 मध्ये आइसलंडला लाकी नावाची अशीच भेग फुटली, आठ महिने. विषारी वायूनं गवत नासलं, जनावरं मेली, मग दुष्काळात देशातली पाचातली एक माणसं गेली. आपल्या थरांपुढं ती भेग म्हणजे ओरखडा. डायनासोर यानं गेले की आकाशातून मेक्सिकोत पडलेल्या दगडानं, हे भांडण चालूच आहे, बहुतेक जण दगडाच्या बाजूनं. आपल्याकडं तेव्हा मरायला माणूस नव्हता. आपल्या त्या लाव्हाच्या दगडाची झिजून काळी माती झाली, तिच्यावर कांदा पिकतो, आणि तोच दगड खाली पाणी अडवून बसतो किंवा बसत नाही. हे कुणी विचारत नाही.

मागच्या दिवाळीत मामानं विचारलं, नवा बोअर कुठं घेऊ? मलाच. मी तपासणीवाल्याचा नंबर दिला. मामा म्हणाला, त्यालाही बोलवतो, नारळवाल्यालाही बोलवतो, तू नुसता ये. मी अजून गेलेलो नाही.