पडद्यानंतरचा अर्धा तास

दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनात भरणाऱ्या कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला मी गेली काही वर्षे जात आहे. तेथे पाहिलेल्या कितीतरी चित्रपटांची नावे आता आठवत नाहीत, पण एका दुपारी एका लघुपटानंतर झालेला संवाद मात्र शब्दशः लक्षात राहिला आहे.

लघुपट ऊसतोड कामगारांच्या टोळीवरचा होता आणि तो करणारी तरुण दिग्दर्शिका मराठवाड्यातून आली होती. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतून शिरोळ तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी उठले. टोपी हातात धरून ते म्हणाले, "ताई, पहाटे आईबाप फडात जात्यात आन् पोरं कोपीत ऱ्हात्यात, हे बरोबर दावलासा. पर उचल कशी फिटती, त्येचा हिशेब कुठं हाय?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने सांगितले की उचलीचा, म्हणजे मजुरीवर आगाऊ घेतलेल्या पैशांचा, तो हिशेब टोळीतल्या बायकांनी तिला तोंडी सांगितला होता, चित्रितही झाला होता, पण लघुपटाची लांबी कमी करताना तो तिनेच कापला. सभागृहात कोणी हलले नाही.

मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल आणि ती फेडता फेडता पुढच्या हंगामाची पुन्हा घ्यावी लागणारी उचल, हे चक्र ज्याच्या बांधावर दरवर्षी फिरते त्या माणसाने हा प्रश्न विचारला होता, आणि तो याच गावात विचारला गेला याचे मला फार अप्रूप वाटले. बाबूराव पेंटरांनी इथल्याच, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२५ साली 'सावकारी पाश' केला, तेव्हा सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला जावे लागणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक कथांना हमखास प्रेक्षक मिळत असताना केलेले ते धाडस होते.

म्हणूनच पाहुण्या दिग्दर्शकाचे खरे स्वागत शाल-श्रीफळापेक्षा चित्रपटानंतरच्या गप्पांच्या या अर्ध्या तासात होते, असे मी मनापासून मानतो. मोठ्या शहरांतल्या पडद्यांवर छोट्या चित्रपटांना एखादा गैरसोयीचा खेळ मिळाला तरी पुष्कळ, आणि तो पाहून प्रेक्षक काय म्हणाला हे करणाऱ्याच्या कानावर सहसा जात नाही. इथे तो समोर उभा राहून विचारतो. दिवसभरात एक चित्रपट कमी दाखवावा लागला तरी चालेल, पण या गप्पांची वेळ कापू नये, अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे, कारण वेळापत्रक घसरले की पहिली कात्री तिथेच लागते.

त्या दिवशीही स्वयंसेवकाने पुढच्या खेळासाठी सभागृह रिकामे करण्याची विनंती केली. बोलणे बाहेर पायऱ्यांवर गेले. दिग्दर्शिकेने मोबाइलमध्ये जपून ठेवलेले ते कापलेले ध्वनिमुद्रण शोधून काढले आणि इअरफोनचे एक टोक त्या काकांच्या कानाला लावले. चौकातल्या वाहनांच्या आवाजात ते डोळे मिटून ऐकत होते, आणि मध्येच बोटांवर पैसे मोजत होते.