रायटिंग पॅड

दुपारी तीनच्या सुमाराला बेल वाजली. समोरच्या विंगेतली नववीतली मुलगी दारात उभी, हातात आमचं रायटिंग पॅड. सकाळी धावतपळत येऊन मागून नेलेलं.

"कसा गेला पेपर?" मी सवयीनं विचारलं.

"माझा कुठे होता, काका?"

खरंच की. ती रायटर म्हणून गेली होती. दहावीतल्या एका अंध मुलाचा भूगोलाचा पेपर. एरवी दोन तासांचा. त्याला तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. त्यानं सांगायचं, हिनं लिहायचं. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी बसवलेत, हे मला तिच्याकडूनच कळलं.

"त्यानं ब्राझीलची राजधानी रिओ सांगितली," ती चप्पल न काढताच म्हणाली. "मला येत होतं हो. ब्राझिलिया. दादा मोठमोठ्यानं पाठ करायचा तेव्हाच डोक्यात बसलंय. पण रिओच लिहिलं."

"मग?"

"मग काय? पेपर त्याचा ना."

दहावीच्या मुलाला रायटर खालच्या इयत्तेतलाच लागतो. म्हणजे नववीतलं पोर हवं. तिची आई कुरकुरत होती म्हणे, पुढच्या वर्षी हिचीच दहावी, आधी स्वतःचं बघ म्हणून. पण पुढच्या वर्षी हिला कोण रायटर म्हणून घेणार? हे काम करायचं तर नववीतच. त्या हिशोबानं मला साधारण पंचेचाळीस वर्षं उशीर झालाय.

सकाळी तिला देण्यासाठी पॅड माळ्यावरून काढलं, तेव्हा क्लिपला एक कागद अडकलेला होता. राष्ट्रीय सेवा योजनेचं प्रमाणपत्र. लाल-निळं कोणार्कचं चाक, माझं नाव (आडनावाची वेलांटी चुकलेली) आणि खाली 240 तास. वर्षाला 120, दोन वर्षांचे 240. आयुष्यात केलेल्या सेवेची माझ्याकडे असलेली एवढीच पावती.

ते तास सर एका वहीत मांडायचे. श्रमदान तीन तास, प्रभातफेरी एक तास, व्याख्यान दोन तास. व्याख्यान ऐकणं हीसुद्धा सेवाच धरली जायची, आणि काही वक्ते आठवले की त्यात काही चूक वाटत नाही. झाडं लावण्याचे तास तर हमखास मिळत, कारण खड्डे तेच असायचे. गेल्या वर्षीची रोपं वाळून गेलेली, खड्डे तयार.

आणि ते शिबिर. भोर तालुक्यातलं गाव, डिसेंबरची थंडी, शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीनं झोपलेलो आम्ही. काम शोषखड्ड्यांचं. टिकाव कसा धरायचा हे बत्तीस जणांपैकी तिघांना ठाऊक; त्यातला मी नव्हे. पहिल्या संध्याकाळी तळहातावर फोड आले, ते आम्ही एकमेकांना मेडलसारखे दाखवले. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत दोन दिवस आमच्याकडे बघत बसली होती. एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उठून आली, कमरेवर हात ठेवून खड्ड्यात डोकावली आणि म्हणाली, "लेकरांनो, पानी खालच्या अंगाला जातं."

तिची न्हाणी खाली होती. आमचा खड्डा वर. तीन दिवस खणलेला, चांगला छातीइतका.

तो आम्ही बुजवला. खणायचे तास लागलेच, बुजवायचेही लागले. सर काटेकोर होते. जाताना म्हातारीनं प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. त्या फोडांवर गूळ चिकटलेला अजून आठवतो.

पुढे नोकरी लागली आणि वही मांडणारं कुणी उरलं नाही. "एकदा हे झालं की" हे वाक्य आमच्या घरात बहुधा जात्यासारखं पिढीजात आलंय. एकदा घराचे हप्ते फिटले की. एकदा पोरीची बारावी झाली की. वडील म्हणायचे, एकदा रिटायर झालो की वस्तीतल्या मुलांना गणित शिकवीन. झाले रिटायर. खडूचा एक डबाही आणला. मग गुडघे. डबा बरीच वर्षं देवघराखालच्या फडताळात होता. दिवाळीत आई त्यातल्या खडूंनी उंबऱ्यावर रेघा ओढायची.

"समाजाचं देणं" हा शब्दही माझ्या डोक्यात जातो. निरोपसमारंभात तो हमखास निघतो. देणं म्हटलं की दूधवाल्याचं आठवतं, आणि तेही महिनाअखेरीलाच देतात, असा त्याचा सूर असतो.

1993 साली मी सत्तावीस वर्षांचा होतो. 30 सप्टेंबरच्या पहाटे, पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुका अजून चालू असताना, किल्लारी-सास्तूरची घरं भूकंपात कोसळली. दगडमातीच्या जाड भिंती, झोपलेल्या माणसांवर. दोन दिवसांनी आमच्या गल्लीतून एक टेम्पो निघाला. चादरी, बिस्किटं, फावडी आणि सात-आठ पोरं. मलाही हाक मारली. माझी नोकरी नवी होती, प्रोबेशन चालू होतं. रजा मिळणार नाही, असं मी सांगितलं.

रजा मी मागितलीच नव्हती.

टेम्पोतली पोरं दहा-बारा दिवसांनी परत आली. त्यातला एक जण शिबिरात माझ्याच खड्ड्यावर होता. तिथलं काही सांगायचा नाही. पावसाचा, चिखलाचा विषय निघाला की उठून जायचा. त्यालाही मी कधी खरं सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं, कोण जाणे.

"काका, ऐकताय ना?" मुलगी अजून दारातच होती. "त्या पेपरवाल्या मुलाच्या शाळेच्या वसतिगृहात नववीची मुलं आहेत. त्यांना धडे वाचून, रेकॉर्ड करून हवेत. घरी बसून करायचं, फोनवर. आई म्हणते तुमचा आवाज छान आहे, गणपतीत निवेदन तुम्हीच करता."

मला बरं वाटलं. आवाजाबद्दल कुणी बोललं की वाटतंच. पण ऑफिसचा हिशोब, जीएसटी, ऑडिटवाल्यांचे फोन, सगळं एका वेळी डोळ्यांसमोर आलं.

"करू की," मी म्हणालो. "एकदा मार्च एंड झाला की."

"एप्रिलमध्ये त्यांची परीक्षा आहे, काका."

आणि पॅड माझ्या हातात देऊन ती जिना उतरून गेली.